रिमॅप केलेल्या रोजच्या गाडीसाठी क्लच आणि फ्लायव्हील कसं निवडायचं

"दादा, चौथ्या-पाचव्याला दाबली की आरपीएम चढतं, पण गाडी उचलत नाही." रिमॅप मारलेली, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली डिझेल गाडी माझ्या भोसरीच्या गॅरेजला येते ती बहुतेक वेळा हेच वाक्य घेऊन. पाठोपाठ मोबाइल पुढे येतो. त्यावर सहा ठोकळ्यांची सिरॅमिक क्लच प्लेट आणि सोबत चकचकीत हलकं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या टोकाला फिरणारी ती चकती, जिच्यावर क्लच प्लेट दाबली जाते. "हा सेट मागवू का?" माल वाईट नसतो. ट्रॅकवर धावणाऱ्या गाडीला तोच लागतो. पण ज्याला रोज सकाळी वाकडहून हिंजवडी फेज थ्रीपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत जायचं आहे, त्याच्यासाठी तो बनवलेलाच नाही. गिऱ्हाइकाला मी बॉनेट उघडून जे समजावतो, तेच इथे सविस्तर लिहितो.

उदाहरणाला स्कोडा ऑक्टाव्हिया २.० टीडीआय मॅन्युअल घेतो, २०१३ ला आपल्याकडे आलेली. कंपनीचे आकडे १४३ पीएस (ताकद) आणि ३२० एनएम (न्यूटन-मीटर; हा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर). या इंजिनाला नुसता स्टेज वन (पार्ट न बदलता फक्त सॉफ्टवेअरचा) मॅप मारला की टॉर्क ३८० च्या आसपास जातो. इंजिन ते सहज पेलतं, टर्बो पेलतो, पण क्लच मात्र कंपनीने ३२० धरून दिलेला असतो. तुमची गाडी दुसरी असेल तर आकडे बदला, हिशोब तोच राहील.

आधी क्लचच घसरतोय याची खात्री करा. इंजिन नीट गरम होऊ द्या, मोकळा सरळ रस्ता बघा. पाचव्या गिअरला १५०० आरपीएमवर गाडी आणा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. डिझेलचा जोर १८०० ते २२०० च्या मध्ये येतो. क्लच घसरत असेल तर तिथे काटा एकदम दोन-तीनशेने वर उडतो आणि स्पीड तिथल्या तिथे राहतो. दिसलं की लगेच पाय काढा, पुन्हा पुन्हा करून बघू नका. ३८० एनएम टॉर्क आणि ३०० आरपीएमचा फरक धरला तर त्या क्षणी क्लचमध्ये जवळजवळ १२ किलोवॅट उष्णता तयार होत असते. घरातले दोन-दोन किलोवॅटचे सहा गिझर एकदम लावल्यासारखं, आणि तेही ताटाएवढ्या चकतीवर. हँडब्रेक ओढून तिसऱ्यात क्लच सोडायची जुनी परीक्षा याच कारणाने मी मॅप मारलेल्या गाडीवर करत नाही.

मग गाडी रॅम्पवर घ्या आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्याखाली बोट फिरवा. बोटाला काळं इंजिन ऑईल लागलं तर क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, मागचं सील गळतंय. जाडसर, उग्र वासाचं लागलं तर ते गिअर ऑईल, म्हणजे इनपुट शाफ्टचं सील. पाण्यासारखं पातळ असेल तर ब्रेक फ्लुइड, कारण हायड्रॉलिक क्लचमध्ये तेच असतं. यातलं काहीही प्लेटवर उडत असेल तर बाजारातला सगळ्यात महागडा क्लचही घसरणार. सीलचं काम आधी.

आता आकड्यांकडे. गिऱ्हाईक पीएस सांगतात, पण क्लचला पीएस कळत नाहीत, त्याच्यावर येतो तो टॉर्क. दोनशे पीएसचं पेट्रोल इंजिन वरच्या आरपीएमवर ताकद देत असेल तर ते दीडशे पीएसच्या डिझेलपेक्षा क्लचला सोपं जातं. म्हणून मॅप करणाऱ्याकडून डायनोचा, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा कागद मागा आणि त्यावर चाकांवरचा टॉर्क लिहिलाय की क्रँकवरचा, ते विचारा. चाकांवरचा असेल तर क्लचवर त्याहून जास्त येतो, कारण काही टॉर्क गिअरबॉक्स आणि शाफ्टमध्ये खर्च होतो. क्लच निवडायचा तो क्रँकच्या आकड्यावर.

क्लच किती टॉर्क धरू शकतो याचा हिशोब शाळेच्या वहीत मावेल इतका साधा आहे. प्लेटच्या दोन बाजू, गुणिले घर्षणाचा गुणांक, गुणिले प्रेशर प्लेटचा (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारीचा) दाब, गुणिले फेसिंगची (प्लेटवरच्या घासणाऱ्या थराची) सरासरी त्रिज्या. समजा प्लेट २४० मिलिमीटरची आहे, फेसिंगची आतली कड १६० ला. म्हणजे सरासरी त्रिज्या १०० मिलिमीटर, ०.१ मीटर. प्रेशर प्लेटचा दाब ६००० न्यूटन धरा आणि कंपनीतून येणाऱ्या साध्या ऑरगॅनिक फेसिंगचा गुणांक ०.३. उत्तर येतं ३६० एनएम. ३२० च्या गाडीला हे पुरतं. आता तीच प्लेट चढावर, ट्रॅफिकमध्ये तापली आणि गुणांक ०.२५ वर आला की उत्तर ३०० होतं. सकाळी कॉलनीतून निघताना घट्ट धरणारा क्लच नवले पुलाकडून नव्या कात्रज बोगद्याकडे चढताना का घसरतो, ते या दोन आकड्यांत आहे.

या हिशोबात कुठे हात घालायचा एवढाच खरा प्रश्न. चार जागा आहेत: दाब, गुणांक, त्रिज्या आणि बाजूंची संख्या.

रोजच्या गाडीला मी दाब वाढवायला सांगतो, तोही बेताने. फेसिंग ऑरगॅनिकच ठेवायचं आणि प्रेशर प्लेट वीस-पंचवीस टक्के जास्त दाबाची घ्यायची. वरच्या उदाहरणात ६००० चे ७५०० न्यूटन झाले की क्षमता ४५० एनएम होते, तापल्यावरही ३७५ राहते. ३८० च्या गाडीला हे जवळजवळ बरोबर बसतं. झाक्ससारख्या कंपन्या अशी मजबूत प्रेशर प्लेट आणि ऑरगॅनिक प्लेट जोडीने देतात. त्याहून पुढे जाऊ नका. दाब वाढला की पेडल जड होतं, आणि ते जडपण फक्त तुमच्या गुडघ्याला भोगावं लागत नाही. पेडल दाबलेलं असतं तोवर तो सगळा जोर रिलीज बेअरिंगमधून (पेडल दाबलं की प्रेशर प्लेट सोडवणारं बेअरिंग) क्रँकशाफ्टवर लांबीच्या दिशेने येत असतो आणि क्रँकचे थ्रस्ट वॉशर तो सोसत असतात. सिग्नलला पहिला गिअर टाकून क्लच दाबून उभं राहायची सवय असेल तर जड प्रेशर प्लेटने हे वॉशर लवकर झिजतात. तो खर्च क्लचचा नसतो, इंजिन उघडण्याचा असतो. माझ्या गिऱ्हाइकांना मी बजावून सांगतो: सिग्नलला न्यूट्रल, पाय बाहेर.

दुसरी जागा गुणांकाची. सिरॅमिक आणि सिंटर्ड (धातूची पूड दाबून-तापवून बनवलेल्या) ठोकळ्यांचा गुणांक जास्त असतो आणि ते तापले तरी धरून ठेवतात, म्हणून फोनवरच्या त्या फोटोत ते दिसतात. पण ऑरगॅनिक प्लेटमध्ये दोन फेसिंगच्या मध्ये लहरी पत्र्याच्या पट्ट्या असतात. क्लच सोडताना त्या हळूहळू चपट्या होतात आणि म्हणून क्लच मऊ लागतो. ठोकळ्यांच्या बहुतेक प्लेटमध्ये हा पत्रा नसतो किंवा नावापुरता असतो. क्लच एक तर लागलेला किंवा सुटलेला, मधलं काही नाही. हाफ क्लचवर रांगणाऱ्या ट्रॅफिकमध्ये गाडी थडथडते, मागे बसलेली आई विचारते गाडीला काय झालंय. फ्लायव्हीलचा पृष्ठभागही हे ठोकळे भराभर खातात. महिन्यातून एकदा ट्रॅक आणि एकोणतीस दिवस ऑफिस असं असेल तर माझं उत्तर तरीही ऑरगॅनिक.

अरामिडचं फेसिंग, ज्याला सगळे केव्हलर म्हणतात, मधला पर्याय आहे. टिकतं छान, सोडतंही मऊ. पण सुरुवातीचं रुळणं फार सांभाळून करावं लागतं. पहिल्या काही दिवसांत तापवलं तर पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि मग ते धरतच नाही. शिस्तीने चालवणाऱ्यालाच मी ते देतो.

त्रिज्येचं थोडक्यात सांगतो. त्याच इंजिन घराण्यातल्या मोठ्या टॉर्कच्या मॉडेलची मोठी प्लेट बसत असेल तर तो सगळ्यात सुंदर उपाय, कारण पेडल फारसं जड होत नाही. मात्र फ्लायव्हीलवरची भोकं, गिअरबॉक्स शाफ्टचे दाते, बेल हाऊसिंगमधली (क्लचभोवतीच्या कवचातली) जागा, सगळं जुळायला हवं. बाजू वाढवायच्या म्हणजे दोन प्लेटचा क्लच. क्षमता दुप्पट, पेडल हलकं, पण न्यूट्रलमध्ये खडखड आणि किंमत ऐकून घरी भांडण. पाचशे-सहाशे एनएमच्या खाली त्याचा विचारही करू नका.

नाना पेठेत जुन्या प्लेटला नवं फेसिंग रिव्हेट मारून देणारे कारागीर आहेत. जुन्या गाड्यांना, टेम्पोला त्यांचं काम मी वर्षानुवर्षं लावत आलोय. मॅप मारलेल्या गाडीला लावणार नाही. प्लेटच्या मधल्या हबच्या स्प्रिंग जुन्याच असतात, लहरी पत्रा चपटा झालेला असतो, आणि साडेचार हजार आरपीएमवर सुटलेलं फेसिंग बेल हाऊसिंगमध्ये काय करतं ते गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय कळत नाही.

आता फ्लायव्हील. इथे सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले मिळतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

अशा डिझेल गाड्यांमध्ये ड्युअल मास फ्लायव्हील असतं. दोन जड चकत्या, मध्ये लांब कमानदार स्प्रिंग आणि ग्रीस. पहिली चकती क्रँकला, दुसरीवर क्लच. जर्मनीच्या लूक कंपनीने १९८५ साली बीएमडब्ल्यू ३२४डी या डिझेल गाडीपासून हे मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतलं, आणि ते डिझेलपासूनच सुरू झालं यात काही योगायोग नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. ८०० आरपीएमच्या आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) सेकंदाला सुमारे सत्तावीस धक्के. डिझेलचा प्रत्येक धक्का दांडगा असतो. हे धक्के गिअरबॉक्सपर्यंत पोहोचले की मोकळे फिरणारे गिअर एकमेकांवर आपटून खडखडतात. कमानदार स्प्रिंग ते मधल्यामध्ये गिळतात. या स्प्रिंगचं स्वतःचं कंपन आयडलच्या बरंच खाली ठेवलेलं असतं. म्हणून इंजिन बंद करताना, आरपीएम त्या टप्प्यातून खाली उतरताना, गाडी जराशी हलते. झिजलेल्या ड्युअल मासवर तिथेच जोरात "खडाड" ऐकू येतं.

"ड्युअल मास कटकट आहे, सिंगल मास टाका, आयुष्यभराची चिंता मिटली," हा सल्ला तुम्हाला कुठेही मिळेल. सिंगल मासमध्ये ते स्प्रिंग नसतात. धक्के गिळायचं काम मग प्लेटच्या हबमधल्या छोट्या स्प्रिंगवर येतं आणि त्यांची हालचाल कमानदार स्प्रिंगच्या मानाने फारच थोडी असते. आयडलला खडखड आणि १२०० ते १८०० आरपीएममध्ये घुमणारा आवाज, तो तर रोज नेमका तुम्ही असता तिथेच. मॅप मारलेल्या गाडीत धक्के आणखी मोठे झालेले असतात आणि ते सगळे गिअरबॉक्स खातो. व्हॅलिओ कंपनीचा सिंगल मासचा तयार किट मिळतो. त्याच्या प्लेटमध्ये जास्त हालचाल करणारे स्प्रिंग दिलेले असतात, त्यामुळे लेथवर घडवलेल्या देशी जुगाडापेक्षा तो शंभर पटीने बरा. पण तो मूळ ताकदीच्या गाडीसाठी आहे. टॉर्क वाढवलेल्या डिझेलला माझ्या हाताने मी तो बसवत नाही.

हलकं फ्लायव्हील रोजच्या डिझेलला तर नकोच. फ्लायव्हीलचं वजन हीच गाडी उचलतानाची शिल्लक असते. ते कमी केलं की सिग्नलवरून निघताना जास्त रेस द्यावी लागते, क्लच जास्त वेळ घासतो, म्हणजे ज्याच्यासाठी सगळा खटाटोप केला तोच क्लच लवकर जातो. वरच्या आरपीएमला खेळणारं टर्बो पेट्रोल असेल आणि आवाजाची तुम्हाला पर्वा नसेल तर सिंगल मास स्टीलचं चालतं, तेही फार हलकं नको. काही गाड्यांत क्रँक सेन्सर फ्लायव्हीलवरचेच दाते वाचतो, तेव्हा नव्या फ्लायव्हीलवर ते जसेच्या तसे आहेत ना, हे मागवण्याआधी बघा.

जुनं ड्युअल मास परत वापरता येईल का? गिअरबॉक्स उतरला की मी प्रेशर प्लेट काढतो आणि आधी पृष्ठभाग पुसून उजेडात बघतो. निळे-जांभळे डाग म्हणजे क्लच घसरून तापलाय. केसासारख्या भेगा दिसल्या तर पुढे तपासायची गरजच नाही. मग कडेला ग्रीसची रेघ बाहेर फेकली गेलीय का, ते बघतो. उष्णतेने ग्रीस पातळ होऊन निघून गेलं की आतले स्प्रिंग कोरडेच घासतात. त्यानंतर दुसरी चकती दोन्ही हातांनी पकडून डावीकडे फिरवायची, स्प्रिंगचा जोर लागेपर्यंत, मग उजवीकडे. मधली ढिलाई किती ते खुणा करून मोजायचं. शेवटी वर-खाली दाबून ती किती डुगडुगते ते पाहायचं. दोन्हीच्या मर्यादा फ्लायव्हीलच्या नंबरप्रमाणे कंपनीच्या तक्त्यात दिलेल्या असतात. "हलतंय थोडं, चालेल" असं म्हणणाऱ्या मिस्त्रीकडे तो तक्ता मागा. आणि ड्युअल मासला लेथवर टर्निंग मारायचं नाही, बनवणारे स्वतःच मनाई करतात. ज्या गाडीत क्लच महिनोन् महिने घसरत चालवलाय, तिथे मी नवंच फ्लायव्हील सांगतो, कारण गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवायची मजुरी कोणाच्याच फायद्याची नसते.

मागवताना चॅसिस नंबर आणि इंजिन कोड दोन्ही द्या. "ऑक्टाव्हिया डिझेल" एवढ्यावर मागवाल तर भलताच माल येईल. एका कंपनीचं फ्लायव्हील आणि दुसऱ्याची प्रेशर प्लेट घेणार असाल तर दोन्ही एकमेकांना चालतात का, हे पार्ट नंबरने तपासा. बसण्याची खोली वेगळी असते आणि मग क्लच सुटतच नाही. बॉक्सवर स्कॅन करायचा कोड असेल तर दुकानात उभं राहूनच स्कॅन करा, नकली माल या धंद्यात भरपूर आहे. रिलीज बेअरिंग नवं घ्या. काही गाड्यांत बेअरिंग आणि स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा हायड्रॉलिक जोर बेअरिंगला देणारा) एकच तुकडा असतो आणि तो गिअरबॉक्सच्या आत असतो, तिथे कंजुषी करू नका. क्रँकचं मागचं सील, फ्लायव्हीलचे बोल्ट, नवं ब्रेक फ्लुइड, हे यादीत हवंच.

बोल्टबद्दल मी कडक आहे. ते ताणून बसणारे असतात, एकदा काढले की गेले. या गाड्यांना आधी ६० एनएम आणि नंतर पाव फेरा, असा आकडा असतो. तुमच्या गाडीचा मॅन्युअलमधून घ्या आणि मिस्त्री टॉर्क रेंच हातात घेतो का, ते उभं राहून बघा. आपोआप ॲडजस्ट होणारी प्रेशर प्लेट असेल तर तिला खास टूलने दाबूनच बसवावं लागतं. नुसते बोल्ट आवळून खेचली तर ॲडजस्टर पहिल्याच दिवशी पुढे सरकतो आणि डायफ्रॅम (प्रेशर प्लेटची चकतीसारखी स्प्रिंग) वाकडा होतो. शाफ्टच्या दात्यांना ग्रीसचा पातळ हात पुरे, उरलेलं पुसून टाका. नाही तर ते फेसिंगवर उडतं.

एवढं सगळं करायच्या आधी मॅप करणाऱ्याशी एकदा बोला. याने खर्च सगळ्यात जास्त वाचतो आणि हेच कोणी करत नाही. क्लच आणि ड्युअल मास दोघांनाही मारतो तो १५०० ते २००० आरपीएममध्ये एकदम उसळणारा टॉर्क. तोच टॉर्क जरा सावकाश चढवून, ३८० ऐवजी ३५० वर थांबवून वर जास्त वेळ टिकवला, तर पीएस जवळजवळ तेवढेच राहतात आणि ओव्हरटेक करताना फरक जाणवत नाही. गिअरबॉक्सही सुटकेचा श्वास घेतो. फोक्सवॅगन-स्कोडा घराण्याच्या गिअरबॉक्सच्या नावातच आकडा असतो: एमक्यू२००, एमक्यू२५०, एमक्यू३५०. तो साधारण किती एनएमसाठी बनवलाय, हे तो आकडा सांगतो. ऑक्टाव्हिया २.० टीडीआयला एमक्यू३५० आहे. ३८० ला तुम्ही आधीच त्याच्या पुढे गेलेले असता. ६०० एनएम धरणारा क्लच टाकलात तर झटका क्लचमध्ये विरायचा बंद होऊन थेट गिअरच्या दात्यांवर जाईल.

नवा सेट बसल्यावर पहिले ८०० किलोमीटर शहरातच चालवा. भरपूर वेळा गिअर पडायला हवेत, म्हणून नुसता एक्सप्रेसवेचा फेरा यात धरू नका. फुल थ्रॉटल नाही, जोरदार स्टार्ट नाही, चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणं नाही. जमलं तर तेवढ्यापुरता मूळ मॅप परत टाकून घ्या, बहुतेक ट्यूनर ते करून देतात. सुरुवातीला थोडा वास येईल, क्लच लागण्याची जागा किंचित बदलेल, दोन्ही चालतं. पण पहिल्या-रिव्हर्सला थडथड होत असेल आणि ८०० किलोमीटरनंतरही कमी होत नसेल, तर रुळण्याची वाट बघू नका. फेसिंगला ग्रीस किंवा ऑईल लागलेलं असतं, नाही तर इंजिन माउंट (इंजिन ज्यावर टेकतं तो रबरी आधार) गेलेलं असतं. माउंट आधी बघा, त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.